विटा वाहणाऱ्या गाडीचा वारसा

भिलाईच्या खुर्सीपारमधून बोलतोय. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि भोवती गाव वाढलं. अशी कामगारांची गावं देशभर उभी राहिली. त्यांची बिऱ्हाडं, भाजी, विटा वाहायला छोटे ट्रक लागले. त्यांतले दोन महाराष्ट्रातल्या कंपन्यांचे : महिंद्राची एफसी-१५० (१९६५) आणि बजाज टेम्पोची मॅटाडोर (१९६९). एफसीचं मूळ जीपमध्ये; चालकाला इंजिनावर बसवलं, म्हणून मागे हौदा लांब मिळाला.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांत जीपला मान आहे, तिच्या या राबणाऱ्या बहिणीला तेवढा नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक दिला. पण फक्त दुचाकीला आणि खासगी प्रवासी मोटारीला. मालवाहू गाडी त्यात बसत नाही. म्हणजे शेठजींची मोटार वारसा ठरते, आणि त्यांच्या घराच्या विटा वाहणारी गाडी भंगार.

म्हणून विनंती : कुणाच्या परसात असा हौदा गंजत असेल, तर रंगाचं नंतर बघा. आधी आरसी बुक आणि चासी नंबर जपा. कागद गेला, की इतिहासही किलोवर विकला जातो.