आडनाव, फोटो आणि ‘चारित्र्य’

1922 साली हार्वर्डच्या प्रवेशअर्जात एक अजब प्रश्न आला: जन्मापासून आजवर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का? झाला असल्यास सविस्तर खुलासा करा. सोबत वंश, धर्म, आईचं माहेरचं आडनाव आणि वडिलांचं जन्मस्थानही विचारलेलं. गणिताशी किंवा लॅटिनशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. शोध चालला होता तो नाव बदललेल्या ज्यू कुटुंबांचा.

तोवर तिथला प्रवेश सरळ होता. ठरावीक विषयांची परीक्षा द्यायची, पास झालं की जागा पक्की. एखाद-दोन विषय राहिले तरी ते नंतर सोडवायच्या अटीवर आत घेत. आपल्या एटीकेटीचाच हा थोरला भाऊ. श्रीमंत घरच्या मठ्ठ मुलांची त्यामुळे मोठीच सोय झाली होती.

अडचण झाली ती हुशार मुलांची. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुलं परीक्षेत धडाधड पास होऊ लागली. 1900 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी सुमारे सात टक्के होते, 1922 मध्ये ते एकवीस टक्क्यांवर गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबियात, जिथे डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 शिकले, हे प्रमाण याहून मोठं होतं आणि तिथे चाळणी आधीच सुरू झाली होती.

हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी पंधरा टक्क्यांची मर्यादा उघडपणे सुचवली. बोभाटा झाला. प्राध्यापकांच्या समितीने 1923 मध्ये ती फेटाळली. तीन वर्षांनी, 1926 मध्ये, तेच काम आडवळणाने झालं: पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर गोठवल्या, अर्जासोबत फोटो सक्तीचा केला आणि ‘चारित्र्य’ नावाच्या निकषाला वजन दिलं. चारित्र्य कशाने मोजायचं, हे मोजणाऱ्यावर सोडलं. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण लवकरच पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरलं. येलने तर 1925 मध्येच ठरवून टाकलं होतं, की पात्र ठरलेल्या माजी विद्यार्थ्याच्या मुलाला जागा अपुऱ्या म्हणून परत पाठवायचं नाही.

आज ज्या मुलाचे गुण चांगले आहेत पण अव्वल नाहीत, तो अमेरिकेत शिफारसपत्र, निबंध, खेळ, मुलाखत यांवर भिस्त ठेवतो. गुणांपलीकडचा माणूस पाहणारी ही व्यवस्था उदार वाटते खरी. पण ती रुजली ती अव्वल गुणांच्या मुलांना बाहेर ठेवून बेताच्या गुणांच्या ‘आपल्या’ मुलांना आत घेण्यासाठी.

गंमत म्हणजे सॅट ही प्रवेशचाचणीही त्याच 1926 सालची. 23 जूनला आठ हजारांवर मुलांनी ती पहिल्यांदा दिली. लोवेल यांच्यानंतर आलेल्या जेम्स कोनंट यांनी 1934 पासून दूरच्या राज्यांतली हुशार मुलं शिष्यवृत्तीसाठी हेरायला तिचा वापर केला.

पुढे ‘चारित्र्य’ तोलण्याच्या जुन्या हत्याराची मूठ दुसऱ्या हातात गेली. 1978 च्या ‘बॅकी’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी अनेक गुण एकत्र तोलणाऱ्या हार्वर्डच्या पद्धतीकडे आदर्श म्हणून बोट दाखवलं. आता तिच्यातून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वाट मिळत होती. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार बंद केला. त्या खटल्यात तक्रार होती आशियाई वंशाच्या मुलांच्या बाजूने: गुण भरघोस, पण ‘व्यक्तिमत्त्वा’च्या रकान्यात खालची श्रेणी.

दुसरीकडे सॅटची सक्तीही सैल होत गेली. अमेरिकेतल्या बोडन कॉलेजने 1969 मध्येच चाचणीचे गुण ऐच्छिक केले होते. कोविडमध्ये बहुतेक नामांकित संस्था त्याच वाटेने गेल्या. सॅटमध्ये 1600 पैकी 1400 च्या आसपास गुण असलेल्यांपुढे मग नवाच पेच उभा राहिला: दाखवायचे की झाकायचे?

डार्टमथ कॉलेजच्या अर्थतज्ज्ञांनी आपल्याच अर्जदारांची आकडेवारी तपासली, तेव्हा गरीब घरांतल्या अनेकांनी असे गुण झाकलेले आढळले. प्रवेश समिती मात्र गुण वाचताना मुलाची शाळाही पाहते. साधनं तुटपुंजी असलेल्या शाळेतून आलेले 1400 तिथे जमेची बाजू ठरले असते. फेब्रुवारी 2024 मध्ये डार्टमथने चाचणी पुन्हा सक्तीची केली.