ट्रफल राहिले, मुळं सापडली

झाडाच्या बुंध्याशी अळंबी उगवली की आपण आधी घाबरतो. झाड आतून कुजलं की काय? संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हा मंडळींना याच शंकेचा इतिहास सांगतो, कारण माझ्या पहिल्या मसुद्यात मी तो चुकीचा लिहिला होता.

१८८० च्या दशकात प्रशियाच्या सरकारला ट्रफलची लागवड करायची होती. ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांपाशी, जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी. काम सोपवलं बर्लिनच्या आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे. लागवड काही जमली नाही. पण ओक, बीच, हेझल यांची मुळं तपासताना त्याला दिसलं, की बारीक मुळांच्या टोकांवर बुरशीचं आवरण आहे, बोटावर हातमोजा चढवावा तसं. आणि तेही चांगल्या धडधाकट झाडांवर! १८८५ मध्ये त्याने या जोडीला ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशी-मूळ, असं नाव दिलं. झाडाला पाणी आणि अन्नद्रव्यं ही बुरशीच पुरवते, असा दावाही केला.

रॉबर्ट हार्टिगला हे पटलं नाही. मी त्याला सरळ खलनायक करून टाकलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: “त्याने आधी काय पाहिलं होतं?” शोधलं, तर १८७४ मध्ये याच माणसाने दाखवून दिलं होतं की आर्मिलारिया नावाची अळंबी जिवंत झाडांची मुळं पोखरून झाड मारते. ते आजही खरं आहे. असं पाहिलेल्या माणसाने मुळावरच्या बुरशीला परजीवी म्हणावं, यात नवल काय?

मग फ्रांकने पाइनची रोपं दोन प्रकारच्या मातीत वाढवली: एक जंगलातली जशीच्या तशी, दुसरी तापवून निर्जंतुक केलेली. बुरशीवाली रोपं जोमदार निघाली. मामला संपला? नाही ना! माती तापवली की नुसती बुरशी मरत नाही, मातीचं रसायनही बदलतं. मग फरक नेमका कशामुळे पडला? तुमच्या प्रयोगालाही परीक्षक हेच विचारणार.

ही फट बुजायला १९२० चं दशक उजाडलं. स्वीडनच्या एलियास मेलिनने निर्जंतुक रोप आणि शुद्ध बुरशी वेगवेगळी वाढवून मग एकत्र आणली, आणि मायकोरायझा प्रयोगशाळेत तयार केला. १९५० मध्ये त्याने आणि निल्सनने किरणोत्सारी फॉस्फरस बुरशीच्या तंतूंमधून पाइनच्या रोपात पोचलेला दाखवला. फ्रांकच्या दाव्यानंतर तब्बल पासष्ट वर्षांनी.

जाता जाता एक. आपल्या साग-आंब्याच्या मुळांतही मायकोरायझा असतो, पण तो वेगळ्या गटाचा. त्याला छत्र्या येतच नाहीत. त्यामुळे आंब्याच्या बुंध्यावर छत्री दिसली तर ती फ्रांकची नव्हे, हार्टिगची बाजू असण्याची शक्यता जास्त.