"आमच्या आज्या कुठं जिमला जायच्या?" – एका वाक्याचा इतिहास

मंडळी, आज जरा वेगळा विषय. नगरपालिका निवडणूक नाही, पाणीपट्टी नाही. पण शेवटी गाडी नगरपालिकेच्या दारातच जाऊन थांबणार आहे, तेव्हा वाचा.

सध्या आपल्या गावात महिलांसाठी योगवर्ग, झुंबा, चालण्याच्या स्पर्धा असे फलक बरेच दिसतात. फलक लागला की कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं. "आमच्या आज्या कुठं जिमला जायच्या? दळण-कांडण करायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, आठ-दहा बाळंतपणं झाली तरी ठणठणीत! आत्ताच्या बायकांना गॅस पाहिजे, मिक्सर पाहिजे, आणि वर व्यायामाला तासभर पाहिजे."

हे वाक्य पुरुषच बोलतात असं नाही. सासवा बोलतात, आणि कित्येकदा ती बाई स्वतःच स्वतःला ऐकवते. म्हणून म्हटलं, वाक्य नुसतं खोडून काढण्यापेक्षा त्याचा इतिहास बघू.

पहिली गोष्ट, आज्या ठणठणीत होत्या हे. ज्या ठणठणीत होत्या त्याच आज्या झाल्या, हे आपण विसरतो. बाकीच्या वाटेतच गेल्या आणि त्यांचे फोटोसुद्धा भिंतीवर नाहीत. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण बाळंतपणात जाणाऱ्या बायकाही कमी नव्हत्या. प्रत्येक जुन्या घराण्यात पणजोबांची 'दुसरी' किंवा 'तिसरी' बायको निघते. पहिलीचं काय झालं, हे एकदा घरच्या म्हाताऱ्यांना विचारून बघा. आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या त्यामागेही हेच दुःख होतं. चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल थोड्याच दिवसांत गेलेलं. १८८६ साली त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. दुसऱ्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या स्वतःही गेल्या.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांचंही म्हणणं बाईच्या शरीराविषयीच होतं. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. तेव्हा "दहा बाळंतपणं करून ठणठणीत" हे तेव्हाच्या जाणत्या माणसांनाही पटत नव्हतं.

आता दळण-कांडण. जातं ओढणं हे सोपं काम नव्हे. पहाटे कोंबडं आरवायच्या आत उठायचं, खुंटा धरायचा आणि घरातल्या दहा तोंडांच्या भाकरीचं पीठ काढायचं. ज्वारी-बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, म्हणून हे जवळजवळ रोजचंच. खांदे, दंड, पाठ, पोट सगळं कामाला लागायचं यात शंका नाही. पण या कामाबद्दल त्या बायकांना स्वतःला काय वाटायचं? याची नोंद आपल्याकडे आहे, आणि जगात क्वचित कुठं असेल इतकी मोठी आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या तर माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, सासुरवास आहे. दळण्यामुळे तब्येत चांगली राहते असा सूर मला तरी कुठं सापडला नाही. गाणं होतं ते काम सोसावं म्हणून.

मग बाईला स्वतःच्या आनंदासाठी अंग हलवायला मिळायचंच नाही का? मिळायचं, पण पंचांग बघून. श्रावणातली मंगळागौर, नागपंचमीचे झोके, आश्विनातला भोंडला. मंगळागौरीच्या रात्रीची फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडं हे खेळ करून बघा म्हणजे कळेल. बसफुगडीत मांड्या भरून येतात, दंडफुगडीत तोल आणि पकड दोन्ही लागतं. आजच्या झुंब्याच्या तोडीस तोड प्रकरण आहे. पण त्यातही नियम होताच. लग्नानंतर पाच वर्षं पूजा, म्हणजे मान नवरीचा. पोरंबाळं झाली की ती हळूहळू खेळायची कमी आणि फराळाचं बघायची जास्त. खेळ संपतो तिथं आईपण सुरू, असा अलिखित कायदा.

विसाव्या शतकात व्यायामाची मोठी लाट आली. १९१४ साली अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं, १९२४ साली पुण्यात कॅप्टन दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर सूर्यनमस्काराचे पक्के भक्त. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, मुलींनाही त्यात धरलं. १९३८ साली लंडनहून त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, ते लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं. साताऱ्याच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या संस्थानातून निघालेला व्यायाम असा साता समुद्रापार गेला. सूर्यनमस्काराला ना आखाडा लागतो, ना साधन. एक चटईएवढी जागा पुरे. घरात अडकलेल्या बाईला याहून सोयीचा व्यायाम नाही.

१९३६ साली वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली. त्या विधवा होत्या आणि घरात मुलंबाळं होती, हे लक्षात घ्या. १९४१ साली राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं, तिथं मुली कवायत करू लागल्या. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण मुलींनी मैदानात यावं यावर दोघांचं एकमत. ही काही लहान गोष्ट नव्हती.

पण त्या काळातली भाषणं आणि लेख वाचले की एक धागा सारखा दिसतो. मुलीनं व्यायाम का करायचा? तर सशक्त माता झाली की सशक्त संतती होईल आणि राष्ट्र बलवान होईल म्हणून. व्यायाम तिच्यासाठी नव्हता, होणाऱ्या लेकरासाठी होता. त्यामुळं लेकरू झालं की तिच्या व्यायामाचं कारणच संपलं! शाळेत लेझीम, खो-खो खेळलेली मुलगी आई झाल्यावर कुठं खेळणार, हा प्रश्न ना तेव्हाच्या पुढाऱ्यांना पडला ना तालमींना. गावोगावी तालमी झाल्या, तिथं बाईला दारातून आत बघायचीही चोरी.

मग आली यंत्रं. आधी पिठाची गिरणी. जातं अडगळीत गेलं आणि डबा घेऊन पोरं रांगेत उभी राहू लागली. १९५० च्या दशकात मुंबईत घरगुती गॅस आला, लहान गावांत पोचायला आणखी काही दशकं गेली. १९५९ पासून देशी प्रेशर कुकर आले. १९६० च्या दशकात मुंबईत सुमीत मिक्सरची सुरुवात झाली, त्याची गोष्ट तर मजेशीर आहे. इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बंद पडला, आणि आपल्या चटणी-वाटणाला टिकेल असं यंत्र करायचं दोघांनी मनावर घेतलं. पाटा-वरवंटा मग मिक्सरपुढं हरलाच.

इथंच कट्ट्यावरची मंडळी म्हणतात, बघा, काम कमी झालं! दंडावरचं कमी झालं, खरं आहे. पण घड्याळातलं झालं का? सरकारचाच आकडा देतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. पुढची पाहणी २०२४ ची. बायकांचे झाले २८९, पुरुषांचे ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची १० मिनिटं वाचली, आणि पुरुषांनीही तत्परतेनं आपली ९ मिनिटं वाचवून घेतली! मुलं आणि म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, तो हिशेब वेगळा. त्यात बाईची आणखी १३७ मिनिटं जातात.

जात्याच्या जागी काय आलं ते घरात बघा. रोज धुवायचे कपडे वाढले, शाळेचे डबे दोन-दोन झाले, मुलांचा अभ्यास, क्लासला सोडणं-आणणं, बँक, रेशन, सिलेंडरचा नंबर. आणि ज्या नोकरी करतात त्यांचं हे सगळं ऑफिसच्या आधी आणि नंतर. अंगाला कष्ट कमी आणि डोक्याला ताप जास्त अशी अदलाबदल झाली. कंबर दुखते ती ओट्यापाशी तासन् तास एका जागी उभं राहून. शरीर दमतं, पण चालत नाही.

आणि कष्ट म्हणजेच व्यायाम असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी ऊसतोडीच्या फडावर जावं. मोळ्या वाहणाऱ्या बाईइतकं अंग कोण हलवतं? २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. उचल घेतलेली, खाडा पडला तर दंड, दुखणं अंगावर काढायचं, पाळीचे दिवससुद्धा परवडत नाहीत. कष्टात शरीर झिजतं. व्यायामात ते घडतं, कारण त्याला पोटभर अन्न, विश्रांती आणि आपल्या मर्जीनं थांबायची मुभा असते. आपल्या आज्यांकडे यातलं काय होतं?

बारामतीच्या लता करे आठवतात? २०१४ साली नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनला उतरल्या आणि त्यांच्या गटात जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आपण सगळ्यांनी ती बातमी कौतुकानं वाचली. पण इतक्या वर्षांत त्या पायात किती ताकद होती हे तिलाही कळायची वेळ आली ती नवऱ्याच्या दुखण्यामुळं. ती धावलीसुद्धा घरासाठीच.

आता आपल्या गावाकडं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. दिवसाला साधारण २२ मिनिटं. पूर्वी सलग १० मिनिटं केला तरच धरायचा असं होतं, २०२० च्या सूचनांत तीही अट काढली. म्हणजे पाच-पाच मिनिटांचे तुकडेही चालतात. कुकरच्या शिट्ट्या होईतो सूर्यनमस्कार घातले तर तेही खात्यात जमा. भरभर केलेलं झाडणं-पुसणंही थोडंफार धरतात. पण स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा वेगळा हवाच. आणि सुरुवात करण्याआधी रक्त तपासून घ्या. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आलंय. दम लागतो तो दर वेळी आळसानं नसतो.

हे झालं बाईचं. बाकीच्यांचं काय? घरातल्या पुरुषांना एकच सांगणं, रोजची २२ मिनिटं भरून द्या. सकाळचा एक डबा तुम्ही भरा. फार मागितलं का?

आणि नगरपालिकेला तीन मागण्या. आपलं मैदान पहाटे साडेपाच ते सातला उघडं असतं, म्हणजे नेमकं डब्यांच्या वेळी. दुपारी चार ते सहा ते महिलांसाठी उघडं ठेवा. ओपन जिमची यंत्रं जिथं बसवलीत त्या कोपऱ्यात अंधार आहे, तिथं दिवे लावा. आणि मैदानावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, ते बांधा. नवा निधी फार लागत नाही, इच्छा लागते.

सोमवारी याचं निवेदन द्यायला मी जाणार आहे. सोबत ज्या बायकांना यायचंय त्यांनी कळवा, तुमच्या सवडीची वेळ ठरवू. अकराच्या आत तुम्हाला जमणार नाही हे धरूनच चालतोय.