सोने की पोर्सेलीन : दाताच्या टोपीचा जुना वाद

दाताला कॅप बसवायची म्हटली की दंतवैद्य आजही विचारतात, "मेटलची की सिरॅमिकची?" मित्रहो, हा प्रश्न शतकाहून जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चांगली टोपी म्हणजे सोन्याची. सोने चिवट आणि जोडीच्या दाताला न झिजवणारे. पण हसले की दिसणारे! डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड या दंतवैद्याने म्हणून पोर्सेलीन हाती घेतले. कोरलेल्या दाताच्या आकाराचा प्लॅटिनमचा तलम पत्रा घडवायचा, त्यावर पोर्सेलीनचा लगदा चढवून भट्टीत भाजायचा, मग पत्रा सोलून काढायचा. १९०३ साली त्याने ही 'जॅकेट' टोपी सविस्तर मांडली. दिसायला अस्सल दात. परंतु पोर्सेलीन दाब सोसते, ताण सोसत नाही. दाढेवर ती तडकत असे. (जाता जाता : १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग याच लँडचा नातू.)

सोन्याच्या बाजूचे उत्तर १९०७ साली आले. विल्यम टॅगर्टने मेणाचा नमुना करून, त्याभोवती साचा भरून, मेण जाळून त्या पोकळीत दाबाने सोने ओतण्याची रीत न्यूयॉर्कमध्ये मांडली. तिचे पेटंटही घेतले. ही रीत तुम्हांला ओळखीची वाटेल. मोहेंजोदडोची नर्तिका अशीच ओतली आहे, आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या 'मानसोल्लास' या १२ व्या शतकातील ग्रंथात मूर्तीसाठी तिचे वर्णन आहे. टॅगर्टचे पेटंट मात्र बुडाले ते आयोवाच्या फिलब्रुक नावाच्या दंतवैद्यामुळे. त्याने तीच रीत सुमारे दहा वर्षे आधी मांडून ठेवल्याचे न्यायालयीन लढ्यात उघड झाले. तरीही टॅगर्टला निव्वळ उचलेगिरीचे माप घालणे मला अन्यायाचे वाटते. मूर्तीत केसभर फरक खपतो, दातात खपत नाही. तिथे अन्न अडकते, कीड लागते. ओतकामाला दवाखान्यात आणले ते त्यानेच.

दोन्ही पक्षांचा समेट व्हायला १९६२ उजाडले. धातूवर पोर्सेलीन चढवण्यातली खरी अडचण चिकटवण्याची नव्हती. भट्टीतून काढल्यावर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसत, म्हणून वरचा थर फुटे. वाइनस्टाइन व सहकाऱ्यांच्या पेटंटांनी पोर्सेलीनमध्ये ल्यूसाइट हे खनिज वाढवून त्याचे आकसणे सोन्याच्या मिश्रधातूशी जुळवले.

अलीकडच्या झिर्कोनियाने तर वादाची भाषाच बदलली : ते सिरॅमिक असूनही दाढेचा मार सोसते. सोने मात्र अद्याप पूर्ण हद्दपार झालेले नाही. मागच्या दाढेत, जिथे हसू पोहोचत नाही, तिथे काही दंतवैद्य आजही तेच सुचवतात. त्यासाठी दात कमी कोरावा लागतो.