आंशिक कवळी आणि आधारदंत

आंशिक कवळी आणि आधारदंत : तोंडातील काही दात शिल्लक असताना पडलेल्या दातांच्या जागी बसविण्यात येणाऱ्या व वापरणाऱ्यास स्वतः काढता-घालता येणाऱ्या कृत्रिम दंतसाधनास आंशिक कवळी म्हणतात. ज्या नैसर्गिक दातांना ती पकडून राहते त्यांना आधारदंत ही संज्ञा आहे. संपूर्ण कवळी केवळ हिरड्या व टाळू यांवर टेकते. आंशिक कवळीचा भार मात्र हिरड्या आणि आधारदंत यांत विभागला जातो. त्यामुळे तिच्या टिकाऊपणाचा प्रश्न दुहेरी आहे : कवळी किती काळ टिकते आणि तिचा भार वाहणारे दात किती काळ टिकतात. पहिल्या प्रश्नाकडे कारागिरांचे व दंतवैद्यांचे लक्ष प्रथमपासून होते. दुसऱ्याचे पद्धतशीर मोजमाप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागले.

फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांच्या १७२८ मधील ग्रंथात हाड, हस्तिदंत व पाणघोड्याचे दात यांपासून कोरलेले कृत्रिम दात आणि ते शेजारच्या दातांना दोऱ्याने किंवा सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत यांचे वर्णन आहे. कोरीव दात लाळेने खराब होत व त्यांना दुर्गंधी येई. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे उदाहरण या काळाची मर्यादा स्पष्ट करते. १७८९ मध्ये अधिकारग्रहणाच्या वेळी त्यांच्या तोंडात एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने पाणघोड्याच्या दातापासून केलेल्या त्यांच्या खालच्या कवळीत या दातासाठी एक छिद्र ठेवले होते. एकट्या दाताने कवळीला स्थैर्य द्यावे, ही अपेक्षा फार काळ पुरी होण्यासारखी नव्हती. १७९६ च्या सुमारास तो दातही गेला. ग्रीनवुडने तो जपून ठेवला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हल्कनाइट (गंधकाबरोबर तापवून कठीण केलेले रबर) वापरात आल्याने कवळ्या स्वस्त झाल्या. त्याच्या एकस्वावरून अमेरिकेत दंतवैद्य व एकस्वधारक कंपनी यांत दीर्घ खटलेबाजी झाली आणि १८७९ मध्ये एका दंतवैद्याने त्या कंपनीच्या खजिनदाराचा गोळी घालून वध केला. आधारदंतांच्या दृष्टीने मात्र या पदार्थाने फारसे काही साधले नाही. दातांवर टेकू न घेता हिरडीवरच विसावणारी रबराची कवळी हळूहळू खाली रुतत जाई आणि दातांच्या कडेची हिरडी दाबली जाई. पुढे १९३७ च्या सुमारास आलेल्या ॲक्रिलिकाने रबराची जागा घेतली. पण टेकू नसलेल्या कवळीत हा दोष तसाच राहिला.

खरा पालट धातूच्या ओतकामाने झाला. विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये मेणाच्या नमुन्यावरून सोने ओतण्याची रीत प्रचारात आणली. तीवरून पुढे संपूर्ण सांगाडा एकसंध ओतणे शक्य झाले. १९२० नंतरच्या दशकात पोक एकर्स यांनी ही पद्धती रूढ केली. दाताला वेढणाऱ्या पकडीबरोबर त्याच्या चावण्याच्या पृष्ठावर बसणारा टेकूही आता सांगाड्याचाच भाग झाला व चर्वणाचा भार दाताच्या अक्षाच्या दिशेने मुळाकडे जाऊ लागला. १९३० च्या आसपास कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू आल्यावर सांगाडे हलके, ताठ व तुलनेने स्वस्त झाले. एडवर्ड केनेडी यांनी १९२५ मध्ये दंतहीन जागांच्या स्थानानुसार चार वर्ग पाडले. हे वर्गीकरण आजही प्रचारात आहे. त्यातील पहिल्या दोन वर्गांत मागच्या बाजूस दात उरलेला नसतो. दात आपल्या खोबणीत अत्यल्प हलतो. हिरडी मात्र त्याच्या कित्येक पट दबते. म्हणून अशी कवळी चावताना मागे खचते आणि शेवटचा आधारदंत तरफेप्रमाणे ओढला जातो. पकडी व टेकू यांच्या रचनेवर झालेला पुढील बराचसा वादविवाद ही ओढ कमी कशी करावी याविषयीचा आहे.

हा सर्व विचार यांत्रिक होता. १९६० नंतर स्कँडिनेव्हियात कार्लसन, हेडेगार्ड व कोइवुमा यांनी आंशिक कवळी वापरणाऱ्यांची चार वर्षे पाहणी केली, तेव्हा हिरड्यांचा दाह आणि दातांचे सैलपण वाढल्याचे आढळले. दात वाचविण्यासाठी दिलेले साधनच उरलेले दात घालविते, असा समज त्यामुळे बळावला. याउलट स्वीडनमधील बेर्गमन, ह्यूगोसन व ओल्सन यांनी १९८२ मध्ये दहा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या रुग्णांना स्वच्छतेचे शिक्षण दिलेले होते व त्यांची दरवर्षी तपासणी होई. त्यांच्या आधारदंतांची लक्षणीय हानी दिसली नाही. रुग्ण थोडे होते, हे खरे. तरीही दोन्ही पाहण्यांत तत्त्वतः विरोध नाही. कवळीखाली व पकडींभोवती सूक्ष्मजंतूंचा चिकट थर अधिक साचतो. तो नियमित काढला गेला, तर सुयोग्य रचनेची कवळी दातांना सहसा बाधत नाही; न काढल्यास उत्तम ओतकामही निरुपयोगी ठरते.

नेदरलँड्समध्ये व्हर्म्युलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ७४८ रुग्णांच्या १,०३६ कवळ्यांचा आढावा घेतला. कवळी बदलणे किंवा वापरणे सोडून देणे यास अपयश मानले, तर धातूच्या कवळ्यांपैकी सुमारे ७५ टक्के पाच वर्षे व ५० टक्के दहा वर्षे टिकल्या. आधारदंतावर पुन्हा उपचार करावे लागणे यासही अपयश मानले, तर हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे ४० व २० टक्क्यांवर येते. म्हणजे कवळी वापरात राहते, त्या काळात आधारदंताला मात्र किडीसाठी वा अन्य कारणाने वारंवार दुरुस्ती लागते. धातूचा सांगाडा मोडण्याचे प्रमाणही दहा वर्षांत २७ ते ४४ टक्के आढळले.

त्याच देशातील आर्न्ड केसर यांनी १९८१ मध्ये वेगळाच प्रश्न उपस्थित केला होता. पुढचे दात व उपदाढा शाबूत असल्यास, दाढा नसूनही पुष्कळांचे चर्वण समाधानकारक चालते, असे त्यांनी दाखविले. अशा व्यक्तींना मागील दाढांसाठी कवळी न देणे हाही एक उपचार मानला जाऊ लागला. जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळांचा आधार मागच्या टोकाला देऊन कवळीचे खचणे रोखण्याची पद्धतीही प्रचारात आली आहे. परंतु खर्च व शस्त्रक्रिया यांमुळे ती सर्वांना उपलब्ध होत नाही.