एपिसोड २३: कधी लागतो, कधी जातो. बाईकच्या वायरिंगची सव्वाशे वर्षं

हेडफोन नीट लावलेत ना? तुमचा वायरवाला हेडफोन असेल आणि वायर हलवली की एका कानातला आवाज येत-जात असेल, तर आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी आहे. विषय आहे बाईकमधला तो इलेक्ट्रिकल फॉल्ट, जो रस्त्यावर छळतो आणि मेकॅनिकसमोर एकदम शहाण्यासारखा वागतो.

सुरुवात घरापासून करतो. बाबांकडे एक जुनी सहा व्होल्टची बाईक आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. तीन वर्षांपूर्वी रात्री जुन्या कात्रज घाटात, ऐन वळणावर, हेडलाईट गेला. समोरून ट्रक येत होता. बाबांनी अंदाजाने गाडी कडेला घेतली, हँडल जरा हलवलं, आणि लाईट परत आला! घरी हे कळल्यावर आई एवढंच म्हणाली, "ही गाडी आता विका."

पुढच्या दोन महिन्यांत बल्ब बदलला, बॅटरी बदलली, स्विच बदलला. गॅरेजमध्ये लाईट लख्ख, रस्त्यावर पुन्हा गायब. शेवटी भंगारवाल्याशी बोलणं झालं. तेव्हा मी म्हटलं, बाबा, मला दोन रविवार द्या.

मी सॉफ्टवेअरवाला. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं. अशा वेळी आम्ही आधी कोडचा इतिहास बघतो, कुठली ओळ कधी आणि का आली ते. म्हटलं, बाईकच्या वायरिंगलाही हेच करून बघू.

तर चला मागे, १८८५ साली, जर्मनीत. डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचं इंजिन बसवून एक दुचाकी बनवली. तिच्यात इलेक्ट्रिकल फॉल्ट होणं शक्यच नव्हतं, कारण ठिणगीच नव्हती. एका ज्योतीने तापवलेली नळी आतला वायू पेटवायची.

मग वीज आली. १९०२ मध्ये बॉश कंपनीतल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली. मॅग्नेटो म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. इंजिन फिरलं की ते आपली ठिणगी आपणच बनवतं, बॅटरी लागत नाही. उजेडासाठी तेव्हा कार्बाइडचे गॅसदिवे असायचे. म्हणजे दिवा आणि इंजिन यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. दिवा विझला तरी गाडी चालू.

पुढे डायनॅमो, बॅटरी, विजेचा दिवा, हॉर्न असं एकेक येत गेलं आणि एक मोठी युक्ती रुळली. प्रत्येक वस्तूला जाणारी एक आणि परत येणारी एक, अशा दोन वायरी कशाला? परतीचा रस्ता म्हणून गाडीची लोखंडी फ्रेमच वापरा. यालाच आपण 'अर्थ' म्हणतो. जवळपास निम्मी वायर वाचली. पण त्या दिवसापासून फ्रेमवरचा बोल्ट, त्याखालचा गंज, त्यावरचा रंग हे सगळं सर्किटचा भाग झालं. माझ्या मते आजची गोष्ट खरी इथे सुरू होते.

आता इंग्लंड. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी सुरुवात केली हातगाडीवर रॉकेल विकून. पुढे त्यांच्या कंपनीचे 'किंग ऑफ द रोड' नावाचे दिवे गाजले आणि ब्रिटिश बाईक्सवर लुकासचंच वायरिंग दिसू लागलं. पण रायडर लोकांनी कंपनीला दुसरंच नाव ठेवलं, 'प्रिन्स ऑफ डार्कनेस', अंधाराचा राजपुत्र! कारण रात्री दिवे दगा द्यायचे. जोक भारी आहे, पण मला तो थोडा अन्यायाचा वाटतो. थरथरणारं इंजिन, इंग्लंडचा पाऊस आणि फ्रेममधून परतणारा करंट. यात कुणाचेही जोड ढिले पडले असते.

१९५३ मध्ये ट्रायम्फच्या स्पीड ट्विनवर मॅग्नेटो जाऊन अल्टरनेटर आणि कॉइल इग्निशन आलं. आता ठिणगीसुद्धा बॅटरीच्या सर्किटवर अवलंबून. बॅटरी बसली तरी गाडी सुरू करता यावी म्हणून स्विचवर 'इमर्जन्सी'ची खास जागा ठेवावी लागली. म्हणजे एक जोड सैल झाला तर आता दिव्याबरोबर इंजिनही जाणार.

शिवाय बहुतेक गाड्या सहा व्होल्टच्या. एक छोटं गणित करू. ३० वॉटच्या बल्बला सहा व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, बारा व्होल्टवर २.५. समजा एका गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स ०.२ ओहम आहे. सहा व्होल्टच्या गाडीत तो जोड साधारण १ व्होल्ट खाणार, म्हणजे सहातला एक. बाराच्या गाडीत फक्त अर्धा व्होल्ट, म्हणजे चोवीसातला एक. जोड तोच, नुकसान चौपट! पुढे बाईक्स बारा व्होल्टवर गेल्या त्याचं हे एक मोठं कारण.

आपल्याकडे मद्रासजवळ १९५५ पासून बुलेट जुळू लागली, १९६१ मध्ये मैसूरला जावा आणि त्याच वर्षी मद्रासला लुकास-टीव्हीएस आली. जुन्या बुलेटच्या हेडलाईटवर एक छोटा अँमीटर असतो, आठवतोय? तो शोभेचा नाही. चालत्या गाडीत त्याचा काटा अचानक उडाला, तर कुठलातरी जोड सुटतोय असं समजायचं.

आणि आता माझा आवडता माणूस. डोनाल्ड मॅकडी, ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर. टेलिफोन लाईनच्या दुरुस्तीला जाताना वेगवेगळी मीटरं वाहून ते वैतागले. म्हणून त्यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम तिन्ही मोजणारं एकच यंत्र बनवलं, जे १९२३ मध्ये 'एव्हो' नावाने बाजारात आलं. तुमच्या घरातला पिवळा, स्वस्तातला मल्टीमीटर त्याचाच नातू. म्हणजे अंधाराच्या राजपुत्रावर उतारा तेव्हापासूनच हाताशी होता. पण शिव्या देणं सोपं, मोजणं कंटाळवाणं.

पहिल्या रविवारी मीही चुकलो. लाईट बंद ठेवून मीटर बीपवर लावला आणि सगळ्या वायरी तपासल्या. सगळीकडे बीप, सगळं ओके. पण त्या टेस्टमध्ये मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. तांब्याचा एक केस जरी टेकलेला असला तरी बीप वाजतो. त्याच केसातून ५ अँपिअर जायचे म्हटले की खेळ संपला. म्हणजे गाडीवर लोड असताना मोजायला हवं होतं.

दुसऱ्या रविवारी तसंच केलं. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब हेडलाईटच्या अर्थ वायरवर, लाईट चालू. इथे जवळपास शून्य दिसायला हवं. आकडा आला ०.९! बाबांना म्हटलं, आता हळूहळू हँडल फिरवा. उजवीकडे वळवताच आकडा उडी मारून सहाच्या जवळ गेला आणि लाईट विझला. घरात, दिवसाउजेडी, पहिल्यांदाच फॉल्ट आमच्यासमोर आला होता.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, टाकी उतरवली. स्टिअरिंगजवळ अर्थची रिंग एका बोल्टखाली होती. बोल्ट खोलला तर रिंगच्या खाली चकचकीत काळा रंग. बाबा बघतच राहिले. लाईट जायला लागला त्याच्या आधीच्या दिवाळीत त्यांनीच हौसेने फ्रेम रंगवून घेतली होती. रंगाने करंट अडवला. जिथे बोल्टने तो थोडा खरवडला होता, तेवढ्याच जागेवर सगळं चाललं होतं.

पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, रिंग घासली, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. परत मोजलं, ०.०५. हँडल कितीही फिरवा, आकडा हलेना. खर्च म्हणाल तर पॉलिश पेपरचा.

आज तुमच्या बीएस-सिक्स बाईकमध्ये ईसीयू आहे, फॉल्ट कोड आहेत. कोड सेन्सरचं नाव सांगेल, पण कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी शिरलंय हे सांगणार नाही. तिथे अजूनही वायर हलवून, लोडवर, मोजूनच बघावं लागतं. आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याजागी तार किंवा चांदी अजिबात लावू नका. फ्यूज तुम्हाला काहीतरी सांगतोय, आधी ते ऐका.

भंगारवाल्याचा फोन नंतर परत आला होता. बाबा म्हणाले, "गाडीला काय झालंय? रंग बघा कसा चमकतोय." रात्री घाटात जायचं असलं की आई अजूनही लाईट लावून बघायला सांगते. आता बाबा हँडल दोन्हीकडे वळवून दाखवतात आणि मग निघतात.

भेटू पुढच्या भागात!