शस्त्रधर आणि राजपुरुष : एका कलमाचा पूर्वेतिहास

परवाना घेऊन पिस्तुल बाळगणाऱ्या गृहस्थास वाटेंत पोलिसानें हटकलें, तर त्या क्षणीं त्याचें कर्तव्य काय? हा प्रश्न वकिलांच्या दप्तरांतला समजून आपण बहुधा सोडून देतों. वस्तुतः राज्यसत्ता प्रजेवर किती विश्वास टाकते, हें असल्या चार-दोन ओळींच्या कलमांतच नेमकें सांपडतें. नवी मुंबईंत वाशीच्या खाडीपुलाशीं नाकाबंदी लागते, तेव्हां तेथें होणाऱ्या विचारपुशीची वंशावळ शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

ह्या विषयाचा एक प्राचीन आधार कौटिलीय अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांतील भृत्यभरणीय अध्यायांत मिळतो. तेथील व्यवस्था अशी : शस्त्रें राजचिन्हांकित करून आयुधागारांत ठेवावीं, मुद्रेची अनुज्ञा असल्याविना कोणीं सशस्त्र हिंडूं नये, शस्त्र हरवल्यास दुप्पट भरपाई घ्यावी, आणि सीमेवरील अंतपालानें सार्थांतील लोकांचीं शस्त्रें काढून घ्यावीं, अथवा मुद्रा असेल तर तीं नेऊं द्यावीं. येथें मुळांत आलेल्या 'समुद्र' ह्या शब्दानें विद्यार्थी हमखास फसतो. सागराशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. 'मुद्रेसहित' एवढाच अर्थ. १९०९ सालीं म्हैसुराहून हा ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या शामशास्त्र्यांनीं आपल्या इंग्रजी भाषांतरांत मुद्रेस 'पासपोर्ट' म्हटलें आहे, व तें आम्हांस ग्राह्य वाटतें. मुद्रा शस्त्रावर ठोकलेली कीं हातांत बाळगावयाची, असा विकल्प कोणी काढील. परंतु अंतपालानें ती वाटेंत पाहावयाची, हें दोन्ही पक्षीं समानच. तेव्हां शस्त्रधरानें अनुज्ञेची खूण जवळ ठेवावी व नाक्यावर दाखवावी ही कल्पना इंग्रजांनीं आणली, असें म्हणतां येत नाहीं. मात्र सदर अध्याय मुख्यतः राजसेवकांच्या वेतनाचा आहे. त्यांतील सर्व नियम सरसकट नगरवासीयांस लावणें धाडसाचें होईल.

इंग्रजी अमलांत १८५७ व १८६० सालीं शस्त्रांविषयीं कायदे झाले, आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा अकरावा कायदा आला. बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला, फार काय धनुष्यबाणाचाहि त्यांत समावेश होता. तेराव्या कलमान्वयें परवान्याविना, किंवा परवान्याच्या अटी मोडून, सशस्त्र जाणारास मॅजिस्ट्रेट अथवा पोलीस अंमलदार निःशस्त्र करूं शके. बारावें कलम ह्याहून जाचक : संशयास्पद रीतीनें शस्त्र नेणारा इसम, परवाना असो वा नसो, कोणींहि वॉरंटाशिवाय धरावा! युरोपियनांस मात्र नियमांनीं सूट होती. मद्रासच्या राष्ट्रीय सभेनें १८८७ सालीं ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला. वंशभेदाची ती सूट जावयास १९२० चे नियम यावे लागले.

ह्या कायद्याच्या फलश्रुतीसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. वासुदेव बळवंत फडके हे पनवेलजवळच्या शिरढोणचे. तो मुलूख आज नवी मुंबई पोलिसांच्या हद्दींत मोडतो. कायद्यास वर्ष लोटतें न लोटतें तोंच, फेब्रुवारी १८७९ मध्यें, फडक्यांचें बंड उठलें, व मे महिन्यांत त्यांच्या साथीदारांनीं पनवेलनजीक पळस्पें गांवीं दरोडा घातला. बंडवाला परवान्यासाठीं कचेरींत अर्ज घेऊन बसत नसतो. जाच झाला तो श्वापदांपासून शेत राखणाऱ्या रयतेस, अशीच तत्कालीन तक्रार होती.

स्वराज्यांत १९५९ चा शस्त्र कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याचें एकोणिसावें कलम आमच्या मतें काळजीपूर्वक वाचण्यासारखें आहे. जुन्या तेराव्या कलमाची पहिली पायरी शस्त्र काढून घेण्याची होती. नव्या कलमांत पोलीस अंमलदार प्रथम परवाना मागतो. तो दाखविला नाहीं, किंवा परवान्यावांचून शस्त्र नेण्याचा कायदेशीर हक्क सिद्ध केला नाहीं, तर नांव-पत्ता विचारतो. आणि जरूर वाटेल तरच शस्त्र जप्त करतो. नांव-पत्ता नाकारला, तो खोटा वाटला, अथवा इसम पळून जाईल असा संशय आला, म्हणजे मग विनावॉरंट अटक. शस्त्र हिसकावण्याच्या जागीं विचारणा आली, हा फरक लहान नव्हे. परंतु जुन्या बाराव्या कलमाचा आत्मा विसाव्या कलमांत अद्याप जिवंत आहे. संशयास्पद परिस्थितींत परवान्याचा कागद तेथेंहि तारीत नाहीं. फक्त 'कोणीहि' जाऊन मॅजिस्ट्रेट, पोलीस, लोकसेवक व वाहतुकीवरील नोकर एवढ्यांपुरता तो अधिकार उरला.

२०१६ च्या नियमांप्रमाणें सार्वजनिक जागीं पिस्तुल म्यानांत व पूर्ण झांकलेलें असावें लागतें. शस्त्र लपविणें हें आपल्याकडे अशा रीतीनें कर्तव्यच झालें. तें मिरविणें हा अटींचा भंग होय. लग्नाच्या वरातींत हवेंत बार काढणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. शिवाय नवी मुंबईचें पोलीस आयुक्तालय १९९४ सालीं स्थापन झाल्यापासून परवाना देणारा अधिकारी व तो रस्त्यावर तपासणारा शिपाई एकाच खात्याचे झाले. पूर्वीं परवाना जिल्हाधिकाऱ्याकडून मिळे.

न विचारतां आपण होऊन 'मजजवळ शस्त्र आहे' असें सांगावें काय? आपलें एकोणिसावें कलम तसें म्हणत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन, अलास्का इत्यादि ठिकाणीं तशी कायदेशीर सक्ती आहे. मिनेसोटांत विचारल्यावर सांगितलें म्हणजे पुरे. त्याच मिनेसोटांत जुलै २०१६ मध्यें एका परवानाधारक कृष्णवर्णी मोटारचालकानें अडविणाऱ्या पोलिसास आपल्याजवळ पिस्तुल असल्याचें स्वतः सांगितलें, आणि क्षणार्धांत तो गोळीस बळी पडला. त्या पोलिसास २०१७ सालीं ज्यूरीनें निर्दोष सोडलें. आमचें मत असें कीं, शस्त्र झांकलेलें असतां झडतीची वेळ आल्यास हात दिसतील असे ठेवून तोंडानें सांगणें शहाणपणाचें. पण कायद्यानें मागितलेलें कर्तव्य आणि शहाणपण ह्यांची गल्लत करून, न सांगणारास अपराधी समजणें योग्य नव्हे.

एकोणिसाव्या कलमांतील 'परवान्यावांचून हक्क' हे शब्द निरर्थक नाहींत. कोडगूच्या कोडवा लोकांस इंग्रजी काळापासून मिळालेली परवान्याची माफी केंद्र सरकारनें २०१९ सालीं आणखी दहा वर्षांकरितां वाढविली. वंशावर आधारलेली एक सूट १९२० मध्यें गेली, दुसरी अजून आहे. परंतु पोलिसानें विचारलें असतां ती सूट दाखवून देण्याचा भार कोडवा शस्त्रधरावरहि पडतोच.